जात्यावरच्या ओव्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकसाहित्य शिकणारे विद्यार्थी, आजीच्या ओव्या लिहून ठेवायला निघालेल्या नाती आणि नातू, आणि घरात कोपऱ्यात पडलेलं जातं पाहून कुतूहल वाटलेले लोक. या तिघांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. जिथे मत माझं आहे तिथे ते मत म्हणूनच मांडलं आहे.

जात्यावरची ओवी म्हणजे नेमकं काय?

जातं ओढताना बाईने म्हटलेलं दोन ओळींचं गाणं. कागदावर उतरवलं तर दोन ओळी, शेवटी यमक, संपलं. पण म्हणताना ती तेवढी राहत नाही. बाई अर्धी ओळ घेते, तीच पुन्हा घेते, मध्ये ‘गं बाई’, ‘सया’, ‘सांगते’ असे शब्द घालते, आणि जात्याच्या फेऱ्यांबरोबर ओळ लांबत जाते. समोर दुसरी बाई बसली असेल तर खुंट्यावर, म्हणजे जातं फिरवायच्या लाकडी दांड्यावर, दोघींचे हात असतात. एक म्हणते, दुसरी तीच ओळ उचलून धरते. मध्येच एकीचा हात सुटतो, मूठभर दाणे जात्याच्या तोंडात घास म्हणून पडतात आणि हात पुन्हा खुंट्यावर येतो.

ओवीची भाषा कळायला ही पारंपरिक ओवी पुरेशी आहे. वेगवेगळ्या गावांत तिचे पाठ थोडेथोडे बदलतात :

जात्या ईश्वरा, नको मला जड जाऊ
बयाच्या दुधाचा, सया पाहतात अनुभवू

बया म्हणजे आई. जात्याला देव म्हणून विनवणी चालली आहे, कारण आज माझ्या अंगात आईच्या दुधाची किती ताकद आहे ते मैत्रिणी बघताहेत. कष्ट, देव, माहेरचा अभिमान आणि चारचौघींत लाज राखण्याची धडपड, हे सगळं दोन ओळींत बसलं आहे. यातली कुठली ओळ ‘भावनेची’ आणि कुठली ‘समाजाची’ हे मला वेगळं करता येत नाही, आणि करूही नये असं वाटतं.

ज्ञानेश्वरीची ओवी आणि ही ओवी एकच का?

नातं आहे, पण रूप वेगळं. १२९० साली सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीतली ओवी साडेतीन चरणांची, पहिल्या तीन चरणांत यमक असलेली, ग्रंथात वाचायची ओवी आहे. जात्यावरची ओवी गळ्यात राहणारी. तिचा उल्लेख ज्ञानेश्वरीच्या आधीचा सापडतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात, अशा अर्थाची ओळ आहे. म्हणजे ओवी आधी बायकांच्या तोंडात होती आणि ग्रंथात नंतर आली, असं मानायला चांगलीच जागा आहे. पुढे १६१६ साली गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं तेही ओवीतच, कारण इथल्या लोकांच्या कानाला तीच चाल ओळखीची होती.

आपल्याकडे ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंतांची’ असं पाठ करून घेतात. सुंदर ओळी आहेत. पण ज्या बायकांनी ओवी शतकानुशतकं जिवंत ठेवली त्यांचं नाव त्या यादीत नाही, आणि शाळेत ते कुणी सांगतही नाही. हे मला खटकतं.

पहाटेच का दळायच्या? एकदम आठवड्याचं दळून का ठेवत नसत?

बाजरीच्या पिठामुळे. बाजरीचं पीठ चार-आठ दिवसांत कडवट होतं. ज्वारीचं त्यापेक्षा टिकतं, पण शिळ्या पिठाची भाकरी थापताना तुटते. त्यामुळे दळण रोजचं किंवा एक-दोन दिवसांआडचं. मावळात आणि कोकणात नाचणी. उजाडल्यावर पाणी, शेण, झाडलोट, न्याहारी, शेत हे ओळीने उभं असायचं, म्हणून दळणाला उरायची ती कोंबडं आरवण्याआधीची वेळ. मोठ्या खटल्यात, म्हणजे भरल्या घरात, दोन-दोन तास खुंटा हातातून सुटायचा नाही. पोरगं मांडीवर घेऊन दळणाऱ्या बायकाही होत्या, आणि त्या ओव्या ऐकतच ते पोरगं झोपायचं. कित्येकांना आईच्या ओव्या पाठ असतात त्या यामुळेच.

भावावर इतक्या ओव्या का आहेत?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर थोडं लांब आहे.

कुठल्याही संग्रहात भाऊ हा विषय ठळकपणे वर असतो. भाऊ येतो, त्याचा घोडा, त्याची बैलगाडी, पुढे त्याची मोटारगाडी, त्याचा फेटा, त्याने घेतलेलं लुगडं, चोळीचा खण, त्याला वाढलेलं जेवण. वाचणाऱ्याला वाटतं, केवढं हे प्रेम. प्रेम आहेच. पण भावाशी सासुरवाशिणीचा आणखी एक व्यवहार जोडलेला असतो, तो लक्षात घेतल्याशिवाय ओवी अर्धीच कळते.

लहान वयात लग्न झालेल्या मुलीला माहेरी जायचं तर न्यायला कुणीतरी यावं लागायचं. नागपंचमीला, दिवाळीला येणारा तो भाऊ. आईवडील गेल्यावर माहेर नावाचं जे काही उरायचं ते भावाच्या घरात. सासरी छळ झाला, नवऱ्याने टाकलं, नवरा मेला, तर दार उघडणारा तोच. आणि त्या दारात भावजय उभी. म्हणून भावाची स्तुती करणाऱ्या ओव्यांच्या शेजारीच भावजयीला जपणाऱ्या, तिला टोमणे मारणाऱ्या, तिच्या मनातलं चाचपणाऱ्या ओव्या येतात. बहीण भावाला ‘तुझ्या लुगड्याची मला आस नाही, तुझ्या येण्याची आहे’ अशा अर्थाचं म्हणते तेव्हा ती मागणीही करते आणि आपण मागणाऱ्या नाही हेही सांगून ठेवते.

याला जमिनीची बाजू आहे. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मापासूनचा हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आला, तोही तोवर लग्न न झालेल्या मुलींना. देशभर तो आला २००५ साली. त्याआधी, आणि खरं सांगायचं तर आजही, हक्कसोड करून बहीण आपला वाटा भावाला देते आणि त्या बदल्यात माहेरची वाट उघडी ठेवते. ओवीत हक्कसोड हा शब्द नसेल. पण भावावरच्या ओव्या ओळीने ऐकल्या की शेत न मिळालेल्या बाईने शेताच्या जागी काय मागितलं, ते ऐकू येतं : वर्षातून दोनदा न्यायला ये, आणि चारचौघांत मला बहीण म्हण.

मग नवऱ्याबद्दल काय?

त्यामानाने कमी. नाव तर घेतलं जात नाहीच. कंथ, भरतार, हौशा, कुंकवाचा धनी असे शब्द येतात. कौतुक, रुसवा, थट्टा, सवतीचा जाच हे सगळं सापडतं. सवतीवरच्या ओव्या धारदार असतात. सरळ नवऱ्याला बोलणाऱ्या मात्र थोड्या.

रामसीतेच्या ओव्या भक्तिगीतं आहेत का?

काही आहेत. पुष्कळशा नाहीत. ही ओवी महाराष्ट्रात दूरवर ऐकायला मिळते :

राम म्हणू राम, न्हाई सीतेच्या तोलाचा
हिरकणी सीतामाई, राम हलक्या दिलाचा

ज्या बाईने ही म्हटली ती रामनवमीला पाळणाही म्हणते, देव्हाऱ्यापुढे हातही जोडते. तिची श्रद्धा डळमळलेली नाही. तिने फक्त सीतेला आपल्यातली एक मानलं आणि आपल्यातल्या एकीवर अन्याय झाला की शेजारणी जे बोलतात ते ती बोलली. सीतेचा वनवास हा ओव्यांमधला सर्वात मोठा कथाभाग आहे, आणि त्यात रावणाच्या युद्धाला फारशी जागा नाही. गरोदर सीता रानात एकटी, तिचं बाळंतपण, तिला ऊनपाणी करायला कुणी नाही, हे बायकांना महत्त्वाचं वाटलं. डॉ. तारा भवाळकर यांनी लोकपरंपरेतल्या या सीतेवर आयुष्यभर लिहिलं आहे. २०२५ साली दिल्लीत भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर त्या होत्या, आणि ओव्यांच्या अभ्यासाला मिळालेला तो मान मला मोलाचा वाटतो.

विठ्ठलाचंही तसंच. पंढरीचा विठू बापही होतो, भाऊही होतो, आणि रुक्मिणी त्याच्यावर रुसून बसते कारण तो जनीच्या घरी दळायला गेला. तेराव्या-चौदाव्या शतकातली गंगाखेडची जनाबाई ‘दळिता कांडिता तुज गाईन अनंता’ म्हणून गेली. तिच्याबरोबर देव जातं ओढतो ही कल्पना बायकांनी इतकी उचलली याचं कारण साधं आहे. जात्याच्या पलीकडच्या बाजूला कुणीतरी बसावं ही त्यांची रोजची गरज होती.

म्हणजे ओव्या बंडखोर आहेत असं म्हणायचं का?

सरसकट नको. अलीकडे ओव्यांतून फक्त बंड शोधायची पद्धत पडली आहे आणि ती मला पटत नाही. हे पहा :

अस्तुरी जन्म नको घालू सख्याहरी
रात न दिस परायाची ताबेदारी

बाईचा जन्मच नको असं म्हणणारी ही ओवी आणि मुलगा झाल्यावर साखर वाटणारी, अहेवपणी, म्हणजे नवरा असतानाच, मरण मागणारी, लेकीला ‘सासूला उलटून बोलू नकोस’ असं बजावणारी ओवी एकाच बाईच्या तोंडून, एकाच पहाटे ऐकायला मिळते. ती खोटी कुठेच बोलत नाही. जातीची उतरंडही ओव्यांत आहे, ती मानणारीही आहे आणि ती टोचणारीही. निवडक ओव्या काढून बाईला नुसती शूर किंवा नुसती दीन ठरवलं की तिचा अर्धा आवाज आपणच दाबतो.

शिवाय नुसतं रडणंही नाही. लेकाचा तोरा मिरवणं, शेजारणीची खोडी काढणं, खळ्यावर रास पडल्याचा आनंद, हे भरपूर आहे.

घरातले लोक ऐकत नसत का? मग सासूबद्दल कसं म्हणत असतील?

ऐकत असत. घर एवढंसं, पुरुष पडवीत झोपलेले, सासू कधीकधी खुंट्यालाच समोर. दिवसा जे बोललं तर भांडण झालं असतं, ते ओवीत म्हटलं की ‘गाणं आहे’ म्हणून सोडून दिलं जाई. सासूलाही तिच्या सासूवरच्या त्याच ओव्या येत होत्या. ओवीत बहुतेक वेळा कुणाला तरी हाक असते. सांगते बया, माझ्या बंधवा, शेजी बाई. ज्याला हाक मारली तो तिथे नसतो, आणि ज्याने ऐकावं तो भिंतीपलीकडे असतो.

डॉ. आंबेडकरांवरच्या ओव्या खरंच जात्यावर म्हटल्या गेल्या का?

हो. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमध्ये १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्या आज कुणालाही ऐकता येतात. परंपरेत ‘पहिली माझी ओवी’ म्हणून देवाचं नाव घेण्याची रीत आहे. दुसरी ओवी, तिसरी ओवी, असं मोजत एकेका देवाला, आईबापाला, भावाला ओवी वाहायची. या बायकांनी मोजणी तशीच ठेवली आणि नावं बदलली. बुद्ध आले, भीमराव आले, रमाबाई आल्या. भीम भाऊ म्हणून येतो, पाहुणा म्हणून येतो, आणि पाहुण्याच्या स्वागताचे सगळे जुने शब्द त्याच्यासाठी वापरले जातात.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर घरातले देव्हारे रिकामे झाले, पण पहाटेचं दळण थांबलं नव्हतं. तेव्हा विठूच्या जागी काय म्हणायचं हा प्रश्न बायकांनी कुणाला न विचारता सोडवला. सभेतल्या जलशांबद्दल आणि शाहिरांबद्दल आपल्याकडे बरंच लिहिलं गेलं. घरात, अंधारात, श्रोता नसताना झालेल्या या बदलाबद्दल फार कमी. समाजात खोलवर काय हललं हे बघायचं असेल तर मी विद्यार्थ्यांना आधी इथे पाठवतो.

ओवी ज्या बाईने म्हटली, तिचीच असते का? की सगळी परंपराच?

दोन्ही. ओळींचे साचे सगळ्यांचे असतात. त्यात आपल्या भावाचं नाव, आपल्या गावची नदी, आपल्या लेकाचा रंग बसवून बाई ती आपली करून घेते. एकच ओवी दहा गावांत सापडली म्हणून ती कुणाचीच नाही असं होत नाही. इतक्या पाठ ओव्यांतून तिला आज पहाटे हीच का आठवली, हे तिचं. आणि क्रमही तिचाच. आईवरून भावावर, भावावरून भावजयीवर, तिथून एकदम सीतेवर जाणारी बाई काहीतरी सांगत असते. छापील संग्रहात विषयवार वर्गीकरण करताना हा क्रम मोडतो, आणि सोयीसाठी दिलेली ही किंमत मोठी आहे.

या ओव्या कुणी जमवल्या?

अनेकांनी. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये, कमलाबाई देशपांडे यांनी ‘अपौरुषेय वाङ्मय’मध्ये, डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कितीतरी खंडांमधून. दुर्गाबाई भागवतांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाची बैठक घालून दिली.

सर्वात मोठं काम पुण्यातल्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉयटवाँ यांचं. १९८०च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी भागात बायकांबरोबर सामाजिक काम करताना त्यांनी ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. पुढे गावागावांतल्या कार्यकर्त्या बायकांनी हे काम वाढवलं, हजाराहून जास्त गावांत पोहोचवलं, आणि एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. बर्नार बेल यांनी त्यांची संगणकीय नोंद उभी केली. २००४ साली पॉयटवाँ गेले. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’ने या ओव्या ध्वनिमुद्रणांसह प्रसिद्ध करायला घेतल्या. तिथे ओवीबरोबर म्हणणारीचं नाव आणि गाव असतं. आधीच्या बहुतेक संग्रहांत ते नव्हतं, आणि माझ्या मते हा फरक लाखाच्या आकड्यापेक्षा मोठा आहे.

आता कुणी ओव्या म्हणतं का?

दळताना, क्वचितच. गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांनी डबा उचलून गिरणीची वाट धरली. त्यांनी बरोबरच केलं. ओव्या गेल्या म्हणून हळहळणाऱ्याने अर्धी पायली बाजरी एकदा जात्यावर दळून बघावी. लग्नात घाणा भरताना आणि हळद दळताना जातं पुन्हा पुजलं जातं, तेव्हा चार ओव्या निघतात. भोंडल्याच्या गाण्यांत ‘अस्सं जातं सुरेख बाई’ म्हणत जातं अजून फिरतं. खानदेशात त्यालाच घरोट म्हणतात, आणि बहिणाबाई चौधरींची घरोटावरची कविता पाठ्यपुस्तकांमुळे शहरी मुलांनाही ठाऊक असते.

आजीच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या आहेत. कुठून सुरुवात करू?

लवकर सुरुवात करा, एवढं आधी सांगतो. बाकीचं असं.

आजीला खुर्चीत बसवून ‘ओव्या म्हण’ म्हटलं तर ती म्हणेल, काही आठवत नाही. खोटं नसतं ते. ओवी हाताच्या फेऱ्याबरोबर येते. घरात जातं असेल तर पुसून मांडा, मूठभर दाणे द्या. नसेल तर तिच्या वयाची दुसरी कुणी समोर बसवा. एकीची ओळ दुसरीला पुढची आठवून देते. जमिनीवर बसता येत नसेल तर नुसता खुंटा धरल्यासारखा हात फिरवू द्या.

फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन जात्यापासून हातभर लांब ठेवा, नाहीतर घरघरीत शब्द बुडतात. मध्ये बोलू नका, अर्थ विचारू नका. अर्थ दुसऱ्या दिवशी, रेकॉर्डिंग ऐकवत विचारा. तेव्हाच ती म्हणेल, हा बंधू म्हणजे अमका, हे तेव्हा म्हणायचे जेव्हा तमकं झालं. ते बोलणंही रेकॉर्ड करा, कारण पुष्कळदा ओवीपेक्षा ते जास्त सांगतं.

प्रत्येक ओवीबरोबर लिहा : नाव, माहेर, सासर, कुणाकडून शिकली. माहेर विसरू नका. ओवी बहुधा तिथूनच आलेली असते.

आणि ती रडली तर रेकॉर्डिंग थांबवा.

लिहिताना भाषा शुद्ध करावी का?

नाही. ‘न्हाई’ला ‘नाही’ केलं की मात्रा मोडते आणि बाईही हरवते. तिने म्हटलं तसं लिहा, कठीण शब्दाचा अर्थ खाली वेगळा द्या. ‘गं बाई’ आणि दुरुक्ती एका तरी प्रतीत तशाच ठेवा.

ओव्यांना चाल लावून गाणं केलं तर चालेल का? परवानगी कुणाची?

पारंपरिक ओवीवर एका माणसाचा मालकी हक्क सांगता येत नाही, पण ज्या बाईच्या गळ्यातून तुम्ही ती घेतली तिला विचारणं हे साधं माणूसपण आहे. रेकॉर्डिंग कुठल्या संस्थेचं असेल तर त्या संस्थेचीही परवानगी लागते. गाण्याखाली ‘पारंपरिक’ एवढंच लिहून थांबू नका. तिची संमती असेल तर म्हणणारीचं नाव आणि गाव लिहा. नाव नको म्हणाली तर निदान गाव आणि तालुका लिहा. चाल शक्यतो तिचीच ठेवा. ओव्यांच्या चाली तालुक्यागणिक बदलतात, आणि शब्द छापून ठेवता आले तरी चाली ऐकल्याशिवाय कुठेच उरत नाहीत.